पोटफोड्या ष

"हा एक राहिला," नगरकरबाई म्हणाल्या आणि तांबड्या पेन्सिलीने त्यांनी एका पोस्टकार्डावर गोल काढला.

छापखान्यातल्या दगडी फरशीवर आम्ही दोघी पोस्टकार्डं मांडून बसलो होतो. तालुक्यातून चारशेवर आली होती. शिंप्यांची, हमालांची, दोन शाळांच्या मास्तरांची. पण बाईंच्या हातात होता तो गठ्ठा आमच्या साक्षरता वर्गाच्या बायकांचा, साठ कार्डांचा. सगळ्यांवर मजकूर एकच, पण प्रत्येकीच्या हातचा: 'औषधाची खरी तारीख छापली यात संपादकाचा दोष नाही. त्यांना सोडा.' मजकूर मी सांगितला होता. दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने टपालात पडायचा होता.

"एकोणसाठ जणींचा ष सुधारला बघ मालन. ही एकटी अजून उलटा काढतेय. कोण ही? गोजर?"

मी हो म्हटलं. मला त्या तांबड्या गोलाचा रागच आला. गोल गोजरच्या अक्षराभोवती होता, पण चूक माझी होती.

ती कशी ते सांगते. मी चौथीतून शाळा सोडली ती रेवजीदादा सदाफुल्यांच्या या छापखान्यात खिळे जुळवायला आले. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. कागदावर सुलट उमटायची म्हणून ती खिळ्यावर उलटी असतात, आरशात दिसावीत तशी. शाळेत जे काही शिकले होते ते वर्षभरात पुसलं गेलं आणि पुढचं सगळं मी त्या उलट्या अक्षरांवरून शिकले. लिहिताना मनातल्या मनात एकेक अक्षर फिरवून घ्यायचे. सगळी फिरली. एक पोटफोड्या ष तेवढा अर्धा फिरला. त्याची काठी उजवीकडे आली, पण पोटातली रेघ होती तशीच राहिली. लोक ती वरून डावीकडून खाली उजवीकडे ओढतात. माझी उजवीकडून डावीकडे उतरायची. वीस वर्षं मी तसाच ष काढला आणि कुणी काही बोललं नाही, कारण माझ्या हातचं वाचतंय कोण.

मग सरकारची साक्षरतेची मोहीम निघाली. दादांनी मागची खोली दिली आणि मला म्हणाले, तू शिकव. मी शिकवलं. त्यातल्या चाळीसएक जणी डोंगराखालच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. त्यांना आधी 'औषध' लिहायचं होतं, कारण दिवसभर खोक्यांवर तोच शब्द डोळ्यांपुढे. मी फळ्यावर औषध लिहिलं. साठ बायकांनी माझा ष पाटीवर उतरवून घेतला.

सहा महिन्यांनी एक पाकीट छापखान्याच्या दाराखालून आत सरकवलेलं सापडलं. आत चार जुनी लेबलं आणि एक चिठ्ठी. कारखान्यात मुदत संपलेल्या तापाच्या गोळ्या परत येतात, बायकांना चिंधीने जुनी तारीख पुसायला लावतात, वर नवी मारतात आणि खोकी सरकारी दवाखान्यांना जातात. सही नव्हती. दादांनी दोन दवाखान्यांत जाऊन गोळ्या बघितल्या आणि मग आपल्या 'तालुका उमेद' या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर बातमी घेतली. कुणी बनावट म्हणू नये म्हणून चिठ्ठीतल्या एका ओळीचा फोटो काढून त्याचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, करून घेतला: 'औषध जुने आहे. तारीख नवी आहे.'

तो ब्लॉक मशीनवर मी चढवला. पहिलं प्रूफ मी वाचलं. त्यातला ष मी डोळ्यांनी बघितला आणि मला तो चुकलेला वाटलाच नाही. कसा वाटणार. माझा ष तोच होता.

कारखान्याने दादांवर चोरीची आणि बदनामीची फिर्याद केली. पोलीस विचारत होते, चिठ्ठी कुणाची? दादांना खरंच माहीत नव्हतं. पण माहीत नाही असंही ते सांगत नव्हते. "मी नाही म्हटलं की ते बायकांना विचारायला जातील. मला विचारतायत तोवर बरं आहे," असं ते मला म्हणाले होते. महिन्यापूर्वी त्यांना आत घेतलं. आम्ही 'उमेद बचाव समिती' काढली. कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून नगरकरबाई अध्यक्ष झाल्या. कागदांवर त्या 'उ. वि. नगरकर' अशी सही करत. पत्रकं मीच जुळवायचे, पण उ. म्हणजे काय हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मुख्याध्यापिकेला पहिलं नाव असतं असं आमच्या गावात कुणाला वाटत नव्हतं.

पोस्टकार्डं लिहून घ्यायची ठरलं तेव्हा बाई वर्गात आल्या, फळा बघितला आणि हातातला खडू खाली ठेवला. बायकांसमोर मला म्हणाल्या, "हे काय काढलंय?" मग तीन आठवडे रोज संध्याकाळी येऊन त्यांनी सगळ्यांचा ष सरळ केला. जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणारं अक्षर शुद्ध असावं म्हणून. बायका आनंदाने शिकल्या. मी मागे सतरंजीवर बसून तोंड गोड करून बघत राहिले.

तर त्या दुपारी. गोजरचं कार्ड बाजूला काढून बाईंनी चष्मा पुसला आणि वकिलांच्या कारकुनाने सकाळी आणून दिलेले कागद उघडले. पोलिसांनी कोर्टात दिलेल्या अर्जाची नक्कल होती. बाईंना सगळं मोठ्याने वाचायची सवय. वाचता वाचता त्या एका ओळीवर आल्या.

"'सदर चिठ्ठीतील हस्ताक्षर नवशिक्या व्यक्तीचे असून, औषध या शब्दातील ष या अक्षराच्या पोटातील रेघ उलट दिशेने ओढलेली आहे. ही लकब अत्यंत दुर्मीळ असून लेखकाची ओळख पटविण्यास पुरेशी...'"

त्या थांबल्या. बाईंनी फरशीवरच्या तांबड्या गोलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दुर्मीळ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "महिन्यापूर्वी साठ जणी असाच काढत होत्या."

त्यांनीच पुढचं वाक्य पुरं केलं. "मी एकोणसाठ सुधारल्या."

गोजरचं कार्ड उचलून त्यांनी दुमडलं आणि पर्समध्ये टाकलं. एवढ्यात पाळी सुटली असावी, कारण गोजरच दारात उभी राहिली. तिशीची, नवऱ्यामागे दोन पोरी वाढवणारी, बोलणं कमी. वर्गात सगळ्यांत मागे पडायची, पण शिकलेलं कधी विसरायची नाही. तेच आता नडत होतं.

"ताई, उद्या फाटकात लिवायचंय म्हनं," ती म्हणाली. "पाळीवर जाताना एकेकीनं. मॅनेजरनं शहरातून मानूस आनलाय अक्षर बघनारा."

"काय लिहायचं?" बाईंनी विचारलं.

"'औषध निर्दोष आहे.'"

मी हसले. हसू नको होतं पण आलं. एका ओळीत दोन ष, आणि तेही कारखान्याच्या निर्दोषपणाचे.

आम्ही गोजरला काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. बाईंनी नुसती पाटी तिच्यापुढे सरकवली. गोजरने लिहिलं. रेघ उलटी. बाईंनी तिचा हात धरून सरळ काढून घेतला. तिने पुन्हा लिहिलं. उलटा. दहा वेळा लिहिलं, त्यात तीन वेळा सरळ आला आणि त्या तिन्ही वेळा रेघ अशी थरथरली की आंधळ्यालाही कळावं, ही बाई काहीतरी लपवतेय.

"माझा हात ऐकत न्हाई," गोजर म्हणाली. "मालनताईनं शिकवला तोच येतो. उद्या जाऊच नको का?"

"न जाणं म्हणजे तोंडाने सांगणंच झालं," मी म्हटलं.

"मग?"

मग काय ते माझ्या डोक्यात आलं होतं, पण ते बोलायला मला बाईंकडे बघवेना. मी पाटी पुसत म्हटलं, "बाकीच्या चाळीस जणींनी उद्या माझा ष काढला तर?"

बाईंनी तांबडी पेन्सिल खाली ठेवली. मी म्हटलं, तुम्ही बरोबर चला. त्यांना आता माझ्यापेक्षा तुमचं खरं वाटतं. तुम्ही सांगितलंत तर काढतील.

"मालन, मी चौतीस वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या. "चुकीचं लिहा असं एकाही मुलीला सांगितलेलं नाही. आणि हे नुसतं चूक नाही, हे खोटं आहे. दुसऱ्याला खोटं करायला मी सांगणार नाही."

"गोजर आत जाईल बाई. पोरी कुठं जातील?"

"मला कळतं." त्यांनी पर्स उचलली. गोजरच्या खांद्यावर हात ठेवला, तो काढला, आणि छत्री न घेताच निघून गेल्या. छत्री कोपऱ्यात तशीच राहिली.

सरळ ष असलेली ती एकोणसाठ कार्डं कपाटात बंद करून मी एकटी निघाले. उन्हं उतरायला लागली होती. आधी कारखान्यामागची वस्ती, मग मळा, मग स्टेशनाकडच्या चाळी. असं का, ते कुणालाच सांगायचं नव्हतं, कारण एकीला कळलं की फाटकापर्यंत पोचलंच. म्हणजे दारोदार जाऊन मला एवढंच म्हणायचं होतं की उद्या फाटकात बाईंचा ष काढू नका, माझा काढा.

कुणी भाकऱ्या थापत होतं, कुणी पोराचं डोकं विंचरत. बायका ऐकून घेत, माझ्या तोंडाकडे बघत. काहींनी नुसती मान हलवली. हो म्हणून की उगीच, कळायला मार्ग नव्हता. एकीने विचारलं की बाई रागावल्या का तुमच्यावर. एकीच्या सासूने आतून सांगितलं की सूनबाईचं नाव कशात घालू नका.

पारूबाई म्हणून एक होती, पॅकिंगची मुकादम. जीभ धारदार. तिने तवा खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "ताई, एक तर तुमी आमाला वाकडं शिकवलं. मग बाईंनी येऊन सरळ केलं, तवा तुमी मागं बसून बघत हुता. आता म्हनता पुन्हा वाकडं काढा. आमी काय कुत्र्याचं शेपूट हाय का?"

मी म्हटलं, "नाही पारूबाई. चूक माझीच आहे. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. तीन आठवडे कबूल करायला मला लाज वाटत होती, ती आज करते. उद्याच्या दिवस ती चूक मला परत द्या."

तिने कमरेवरचे हात काढले. मग तवा परत चुलीवर ठेवून म्हणाली, "चहा घ्यायचा तर बसा. न्हाईतर जा, अजून लई घरं हायेत."

दिवे लागले तेव्हा माझी शेवटची दारं उरकली. किती जणी काढतील, देवाला माहीत.

सकाळी साडेसातला मी कारखान्यासमोर रस्त्याच्या पलीकडे उभी. फाटकात टेबल मांडलेलं. मॅनेजर, एक हवालदार आणि भिंग घेऊन बसलेला तो शहरातला बारीक माणूस. टेबलावर कागद, निळी पेन्सिल. बायकांची रांग भिंतीच्या कडेने लागलेली. गोजर नववी होती.

पहिली पारूबाई. मुकादम म्हणून मान तिचा. तिने पदर खोचला, वाकून लिहिलं आणि सरळ उभी राहिली. बारीक माणसाने भिंग धरलं. मला अक्षर दिसत नव्हतं, त्याचा चेहरा दिसत होता. तो एकदम उजळला. निळ्या पेन्सिलीने गोल काढून त्याने कागद मॅनेजरकडे सरकवला. मॅनेजर उठून उभा राहिला. हवालदार पारूबाईकडे सरकला.

एकच बाई पुढे गेली होती आणि तिलाच धरलं होतं. बाकीच्यांनी आता घाबरून सरळ काढला असता तर गोजरऐवजी पारूबाई गेली असती, माझ्यामुळे.

दुसरीने लिहिलं. निळा गोल. तिसरी वर्गातली नव्हती, तिला गोल नाही. चौथी, गोल. पाचवी, गोल. बारीक माणसाच्या तोंडावरचा उजेड विझत गेला. आठवीपर्यंत त्याने पेन्सिल खाली ठेवली होती. गोजर पुढे गेली, लिहिलं. तिचा हात कापला नाही. त्याने भिंगातून बघितलं आणि जांभई दिल्यासारखं तोंड करून पुढची बोलावली.

रांग संपली तेव्हा टेबलावर सदतीस कागद उलट्या रेघेचे होते. मी मोकळा श्वास घेणार तोच मॅनेजरने रस्त्याकडे बघितलं. मला हात केला. जावं लागलं.

"काल संध्याकाळी तुम्ही घरोघर फिरत होता," तो म्हणाला. आवाज शांत होता. "प्रत्येकीला असा ष काढायला सांगितलात. माझ्याकडे खबर आहे. एका बाईला वाचवायला चाळीस जणींकडून खोटं लिहून घेतलंत. हवालदार, हे लिहून घ्या. यांना चौकीत नेऊन विचारलं की ती बाई कोण तेही कळेल."

खबर कुणी दिली मला माहीत नाही. फाटकाच्या आत बायका थांबून बघत होत्या. गोजर पुढे यायला लागली. मला दिसलं की ती पुढे येतेय, आणि पारूबाईने तिच्या पदराला धरलंय.

"काय लिहून घेताय शिवाजी?" मागून आवाज आला.

हवालदार ताडकन उभा राहिला. "बाई."

नगरकरबाई चालत आल्या होत्या. इस्त्रीची साडी, पण डोळे लाल, आणि उजव्या हाताची बोटं पांढरी झालेली. मला वाटलं पावडर सांडली असेल. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. टेबलावरचा एक कागद उचलला, लांब धरून वाचला.

मॅनेजर म्हणाला, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच सांगा, हा ष बरोबर आहे?"

बाईंनी कागद परत टेबलावर ठेवला.

बारीक माणूस म्हणाला, "असा ष मी पंधरा वर्षांत बघितला नाही. एका गावात सदतीस बायका एका रात्रीत असं लिहायला लागत नाहीत. तुम्ही या वर्गात शिकवता ना? सांगा, इथे असाच शिकवतात?"

बाईंच्या तोंडून खोटं निघणार नाही हे मला ठाऊक होतं. आणि खरं निघालं तर सगळं संपलं. मी डोळे मिटले.

"सांगत नाही," बाई म्हणाल्या. "लिहून देते. पेन द्या."

त्यांनी कोरा कागद ओढला आणि उभ्यानेच सही केली. 'उ. वि.' नाही, पूर्ण नाव. कागद फिरवून बारीक माणसापुढे ठेवला. त्याने भिंग उचललं, मग ते लागत नाही असं बघून खाली ठेवलं. मी मान पुढे करून वाचलं.

उषा विनायक नगरकर.

पोटातली रेघ उजवीकडून खाली डावीकडे उतरली होती. एका दमात, न थरथरता. माझ्याहून सुरेख.

"शिवाजी," बाई म्हणाल्या, "तू दुसरीत असताना माझ्या घरी शिकवणीला यायचास. मालनला नेताय तर मलाही न्या. माझंही अक्षर तेच आहे."

हवालदाराने वही मिटली. मॅनेजर काहीतरी बोलत राहिला, पण भिंगवाला पिशवी भरायला लागला होता. आतून पारूबाईचा आवाज आला, पाळीचा भोंगा वाजून गेलाय, चला गं.

दादांना तीन दिवसांनी जामीन मिळाला. खटला सहा वर्षं चालला. त्या मधल्या काळात गोळ्यांची तपासणी झाली, कारखान्याचा परवाना गेला, आणि शेवटी दादा निर्दोष सुटले. निकालपत्रातला तो शब्द मी स्वतः जुळवला. चिठ्ठी कुणाची हे दादांनी मला कधी विचारलं नाही. गोजरची धाकटी आता नर्स आहे.

फाटकातला तो कागद कोर्टात लागल्यामुळे बाईंना मात्र पुढे सगळीकडे तशीच सही करावी लागली. पेन्शनच्या कचेरीतून सही जुळत नाही म्हणून त्यांचे कागद तीनदा परत आले. दर वेळी त्या चिकाटीने पुन्हा उलटी सही करून पाठवत.

पण मला आठवते ती त्या सकाळची परतीची वाट. छापखान्यापर्यंत आम्ही दोघी चालत आलो. दारात मी त्यांची विसरलेली छत्री दिली. त्यांनी उजव्या हाताने घेतली आणि काळ्या कापडावर खडूची पाच बोटं उमटली.

त्या ती झटकत म्हणाल्या, "मालन, तुला ही रेघ इतकी सहज कशी येते गं? मला काल दोन्ही बाजूंनी तीन पाट्या भराव्या लागल्या."